तू जरा समजून घे

दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात एक तरी दिवस प्रवचनात हत्तीची गोष्ट येतेच. सात आंधळे हत्ती चाचपतात. कुणाला तो खांब वाटतो, कुणाला सूप, कुणाला दोरखंड. प्रत्येकजण आपलंच खरं म्हणून भांडतो, आणि मग एक डोळस माणूस येऊन सांगतो की बाबांनो, तुमचं प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे. अनेकांत समजावून सांगायला याहून सोपी गोष्ट नाही. एका वर्षी मात्र प्रवचन सुटल्यावर, बाहेर चपला शोधता शोधता एक वयस्कर आक्का मला म्हणाल्या, "सगळ्यांचं थोडं थोडं खरं, हे पटलं बघ. पण घरात समजून घ्यायची पाळी दरवेळी माझ्यावरच का येती?"

आम्ही दोघी हसलो. पण घरी आल्यावर कुकर लावताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. "तू जरा समजून घे" हे आपण बायकांनी किती वेळा ऐकलंय! सासरी ऐकलं, माहेरी ऐकलं. त्यातल्या 'समजून घे'चा अर्थ बहुतेक वेळा 'सोडून दे' किंवा 'गप्प बस' एवढाच असतो. म्हणजे अनेकांत आपल्या वाट्याला आला तो असा, माघार घेण्याचं गोड नाव म्हणून.

त्या आक्कांच्या प्रश्नाला उत्तर शोधताना मला आठवला एक अमेरिकन माणूस. त्याचा जैन धर्माशी काही संबंध नव्हता. पण समोरच्याचं म्हणणं समजून घेणं, हाच त्याने जन्मभर व्यवसाय केला. तो शिकवला, त्याच्यावर पुस्तकं लिहिली, आणि राष्ट्राध्यक्षांच्या गळी उतरवला. त्याचं नाव रॉजर फिशर.

फिशर यांचा जन्म २८ मे १९२२ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. हार्वर्डमध्ये शिकत असतानाच दुसरं महायुद्ध आलं. ते हवाई दलात गेले, हवामानाची पाहणी करणाऱ्या विमानांवर. बॉम्ब टाकण्याचं काम त्यांच्याकडे नव्हतं. आभाळ कसं आहे ते बघून यायचं, म्हणजे बाकीच्यांना उडता येईल. युद्ध संपून परत आले तर कॉलेजात एका खोलीत राहिलेला सोबती गेलेला, जवळचे मित्र गेलेले. विशी-बाविशीतल्या मुलाला हा धक्का केवढा असेल! भांडणं मिटवायचा याहून बरा मार्ग असला पाहिजे, ही तळमळ तिथे सुरू झाली आणि शेवटपर्यंत सुटली नाही.

युद्धातली एक हकीकत ते पुढे नेहमी सांगत. त्यांच्या चार इंजिनांच्या विमानाचा वैमानिक मोठा खोडकर. एका उड्डाणात इतरांना घाबरवायचं म्हणून त्याने आभाळात एकेक करून चारही इंजिनं बंद केली. विमान शांतपणे खाली घसरायला लागलं. मजा झाली, सगळे घाबरले. आता इंजिनं पुन्हा सुरू करायची, तर त्याच्या लक्षात आलं की त्यासाठी वीज लागते, आणि वीज मिळते ती चालू इंजिनातून! चारही बंद. तेव्हा शेजारी बसलेला सहवैमानिक खदाखदा हसून त्याला म्हणाला की गड्या, तू आता चांगलाच अडचणीत आलास! विमान कसंबसं वाचलं, म्हणून ही गोष्ट सांगायला फिशर उरले. ते विचारत, त्या सहवैमानिकाला कळायला नको का की विमान एकच आहे? शेजारचा अडचणीत म्हणजे आपणही अडचणीत. दोन देशांचं असंच असतं. आणि मला विचाराल तर दोन जावांचंही असंच असतं.

१९४८ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. मग पॅरिसला जाऊन मार्शल योजनेत काम केलं, म्हणजे युद्धात बेचिराख झालेल्या युरोपला उभं करण्याच्या कामात. पुढे वॉशिंग्टनला वकिली केली, सरकारच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले, आणि १९५८ साली हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयात शिकवायला आले. तिथेच त्यांचा जन्म गेला.

कोर्टात एक जिंकतो, एक हरतो. पण हरलेला देश कुठे जातो? तो शेजारीच राहतो, नकाशावरून उठून जात नाही. म्हणून दोन देशांचं भांडण कोर्टाच्या पद्धतीने मिटत नाही, हे वकिली कोळून प्यायलेल्या या माणसाला फार लवकर उमगलं. १९६९ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय भांडणांवर पुस्तक लिहिलं, तेही नवशिक्यांसाठी म्हणून. त्यातला त्यांचा आवडता प्रश्न साधा होता. समोरच्याला तुम्ही जे मागताय, ते त्याने दिलं, तर उद्या सकाळी त्याची त्याच्या घरात काय अवस्था होईल?

हा प्रश्न त्यांनी खरोखरच एका राष्ट्राध्यक्षाला विचारला. १९७० साली इजिप्तचे अध्यक्ष नासर यांची त्यांनी मुलाखत घेतली. इस्रायल आणि इजिप्तमध्ये तेव्हा चकमकी चालूच होत्या. फिशरनी विचारलं, गोल्डा मेयर बाईंनी काय करावं असं तुम्हाला वाटतं? नासर म्हणाले, आमच्या जमिनीवरून निघून जावं, पूर्णपणे. बदल्यात तुम्ही काय देणार? काहीच नाही, जमीन आमचीच आहे. मग फिशरनी विचारलं, समजा उद्या सकाळी मेयर बाईंनी रेडिओवर जाहीर केलं की आम्ही सगळी जमीन सोडतो आहोत आणि बदल्यात अरबांनी आम्हाला कसलंच वचन दिलेलं नाही, तर त्यांचं काय होईल? यावर नासर मोठ्याने हसले. बाईंची घरी काही धडगत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. आपण समोरच्याकडे जे मागतोय ते त्याला देताच येण्यासारखं नाही, हे त्यांना त्या क्षणी त्यांच्याच तोंडून कळलं. त्याच दिवशी नंतर त्यांनी शस्त्रसंधीला तयारी दाखवली, असं फिशर लिहितात. ती या संवादामुळेच, असा दावा मात्र ते करत नाहीत. मला हा त्यांचा संयम आवडतो.

इथे एक बारीक गोष्ट बघा. नासर यांनी मेयर यांची अडचण समजून घेतली म्हणून आपली जमीन सोडून दिली का? मुळीच नाही. जमीन आमची, हे त्यांचं म्हणणं होतं तसंच राहिलं. फक्त मागायचं कसं आणि कशाच्या बदल्यात, हा विचार सुरू झाला. फिशर यांच्या शिकवणुकीत हे पुन्हा पुन्हा येतं की समोरच्याचं म्हणणं समजणं वेगळं, आणि ते मान्य करणं वेगळं. आपण या दोन्हींना एकाच पदराला गाठ मारून ठेवलंय.

१९७८ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना कॅम्प डेव्हिड इथे बोलावलं. भांडण होतं सिनाईच्या वाळवंटाचं. १९६७ च्या युद्धात ते इस्रायलने घेतलं होतं. इजिप्तला ते सगळं परत हवं, इस्रायलला त्यातलं थोडं तरी ठेवायचं. नकाशावर कुठेही रेघ मारा, एकजण नाही म्हणणार. बैठकीच्या थोडं आधी फिशर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांना एका बेटावर सुटीत भेटले होते, आणि मध्यस्थी कशी करावी यावरचं आपलं टिपण त्यांच्या हातात दिलं होतं. त्यात एक युक्ती होती. एकच मसुदा चालवण्याची.

ही युक्ती समजावताना फिशर घर बांधणाऱ्या नवरा-बायकोचं उदाहरण देतात. तिला दुमजली हवं, त्याला एकमजली. शहाणा आर्किटेक्ट त्यांना 'कोण माघार घेणार' असं विचारत नाही. तुम्हाला काय काय लागतं ते ऐकून घेतो, एक कच्चा आराखडा काढतो आणि म्हणतो, हा मान्य करू नका, यात काय चुकलंय तेवढं सांगा. चुका काढायला सगळ्यांना आवडतं! मग दुरुस्त करतो, पुन्हा दाखवतो. असं करत करत शेवटी विचारतो की याहून चांगलं मला जमत नाही, हो की नाही सांगा. कॅम्प डेव्हिडला तेरा दिवसांत अमेरिकनांनी असे तेवीस मसुदे केले. सादात आणि बेगिन सुरुवातीचे दिवस सोडले तर समोरासमोर वाटाघाटीला बसलेही नाहीत, कारण बसले की भडका उडायचा. कागद मात्र दोघांमध्ये फिरत राहिला.

आणि मसुदा सुटला तो रेघेवरून नव्हे, कारणांवरून. इजिप्तला सिनाई का हवं? कारण ती पिढ्यान् पिढ्यांची जमीन, तिथे आपला झेंडा हवा. इस्रायलला का हवं? सरहद्दीवर इजिप्तचे रणगाडे उभे राहायला नकोत म्हणून. मग जमीन सगळी इजिप्तची, पण मोठ्या भागात रणगाडे नाहीत. झेंडा एकाचा, निर्धास्त झोप दुसऱ्याची. मार्च १९७९ मध्ये तह झाला, १९८२ मध्ये इस्रायलने सिनाई सोडलं. १९८१ साली सादात यांची हत्या झाली, तरी तो तह टिकला.

तोंडाने मागतो ते वेगळं आणि मनात लागतं ते वेगळं, हा फरक १९८१ साली फिशर आणि त्यांचे तरुण सहकारी विल्यम युरी यांनी 'गेटिंग टू येस' या छोट्या पुस्तकात मांडला. तीसहून जास्त भाषांत ते गेलं. त्यात वाचनालयातली एक गोष्ट आहे. दोन माणसं खिडकीवरून भांडतात, एकाला उघडी हवी, एकाला बंद. ग्रंथपाल बाई येऊन दोघांना 'का' विचारते. एकाला हवा हवी, दुसऱ्याला झोत नको. ती शेजारच्या खोलीची खिडकी उघडते. मला हे सांगायला बरं वाटतं की ही गोष्ट मुळात एका बाईची आहे. मेरी पार्कर फॉलेट, बोस्टनमध्ये समाजकार्य केलेली विदुषी. १९२५ साली एका व्याख्यानात तिने हार्वर्डच्या वाचनालयातला स्वतःचाच अनुभव म्हणून ती सांगितली होती. तिथे खिडकी बंद हवी असणारी ती स्वतः होती. म्हणजे तिने समजूतदार मध्यस्थाची भूमिका घेतलेली नव्हती. भांडणातली एक बाजू होती ती. तिला बंद खिडकी हवी होती आणि ती तिने मिळवली, समोरच्याला हवा मिळवून देऊन.

आता त्याच १९८१ सालचं फिशर यांचं एक लिखाण सांगते. ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते. अणुयुद्ध टाळायचं कसं, यावर अणुशास्त्रज्ञांच्या एका मासिकात त्यांनी लेख लिहिला. अमेरिकेच्या अध्यक्षाजवळ एक तरुण अधिकारी कायम असतो, त्याच्या हातातल्या पेटीत अण्वस्त्रं सोडण्याचे गुप्त आकडे असतात. फिशर म्हणाले, ते आकडे पेटीत ठेवू नका. एका कुपीत घालून, स्वतःहून तयार झालेल्या एखाद्या माणसाच्या काळजाशेजारी शरीरात बसवा. त्याने बरोबर एक मोठा कसायाचा सुरा बाळगावा. अध्यक्षाला जेव्हा कोट्यवधी माणसं मारायची असतील, तेव्हा आधी त्याने स्वतःच्या हाताने या एका माणसाला मारावं. लष्करातल्या मित्रांना ही कल्पना सांगितली तेव्हा ते हादरले. म्हणाले, असं केलं तर अध्यक्षाचा निर्णय बिघडेल, तो कधी बटण दाबणारच नाही!

आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात की हिंसा तीन प्रकारे लागते. कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसरा करत असताना बरं वाटलेली. तिन्हींचं बंधन आत्म्याला आहे. आपण ते पाठ करतो आणि मुंगी वाचवतो. पण आजच्या जगातली मोठी हिंसा सगळी कारित आणि अनुमोदित आहे. कुणाच्याच हाताला रक्त लागत नाही. कुणी सही करतो, कुणी बटण दाबतो, आपण टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवतो. फिशर यांनी काय केलं? कारित हिंसेला ओढून कृत हिंसेसमोर उभं केलं. ज्याने आपलं शास्त्र वाचलेलं नव्हतं, त्याला हे सुचलं.

त्यांच्या कारकिर्दीतलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण मात्र दक्षिण अमेरिकेतलं आहे. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला सरहद्दीची गोष्ट जरा जास्तच जवळची वाटते. इक्वेडोर आणि पेरू यांच्यात जंगलातल्या सरहद्दीवरून पिढ्यान् पिढ्या वैर होतं. १९४१ ला युद्ध, १९४२ ला करार, तरी एक तुकडा आखायचा राहिलाच. १९८१ ला पुन्हा चकमकी, १९९५ ला पुन्हा लढाई. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इक्वेडोरचे अध्यक्ष झाले हामिल माऊआद. ते हार्वर्डला फिशर यांच्याकडे शिकलेले. त्यांनी गुरुजींना विचारलं, कसं करू?

पेरूचे अध्यक्ष फुहिमोरी यांना माऊआद पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांना गादीवर येऊन चारच दिवस झाले होते. त्यांनी मागण्या पुढे ठेवल्या नाहीत. म्हणाले की तुम्ही आठ वर्षं अध्यक्ष आहात, माझ्या आधीच्या चार जणांशी तुम्ही बोललात, तुमच्या अनुभवाचा मला उपयोग करून द्या. हे कसं सोडवावं असं तुम्हाला वाटतं? मोठेपणा दिला, आणि तो खोटाही नव्हता. फोटोसाठी फिशर यांचा सल्ला होता की हात मिळवून कॅमेऱ्याकडे बघून हसू नका. शेजारी शेजारी बसा आणि दोघांनी एका नकाशात डोकं घाला. लोकांना दिसू दे की भांडण दोघांचं एकमेकांशी नाही, दोघे मिळून एका अडचणीशी झगडताहेत. तोच फोटो दोन्ही देशांतल्या लोकांनी पाहिला.

शेवटचा पेच होता तिविन्सा नावाच्या जागेचा. १९९५ च्या लढाईत इक्वेडोरचे जवान तिथे पडले होते. ती जागा पेरूला गेली तर त्या आयांना काय सांगायचं? तोडगा निघाला तो असा. ब्राझील, अर्जेंटिना, चिली आणि अमेरिका या चार हमीदार देशांनी निर्णय दिला, आणि दोन्ही देशांनी तो आधीच मान्य केला होता. तिविन्सा पेरूच्या हद्दीत राहील, पण तिथली एक चौरस किलोमीटर जमीन खाजगी मालमत्ता म्हणून इक्वेडोरची. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जंगल राखून ठेवायचं. २६ ऑक्टोबर १९९८ ला सह्या झाल्या. पुढे २००० साल उजाडलं आणि माऊआद यांना पायउतार व्हावं लागलं, त्याच वर्षी फुहिमोरीही गेले. तह राहिला.

आता दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर मीही हत्तीचा एकच पाय धरून बसल्यासारखं होईल. फिशर यांच्यावर टीकाही झाली. कॅम्प डेव्हिडच्या टेबलाशी पॅलेस्टिनी लोक नव्हतेच. जो टेबलाशी नाही, त्याची कारणं मसुद्यात येतात कशी? जे दोघे बसले होते त्यांचा तह टिकला, तिसऱ्याचं दुःख आजपर्यंत चालू आहे. दुसरी टीका अशी की दोघांची ताकद सारखी नसेल तर असल्या गोड बोलण्याला अर्थ काय? बलवान हसत हसत हवं ते घेऊन जाईल.

या दुसऱ्या टीकेला उत्तर त्यांच्या पुस्तकातच आहे, आणि मला वाटतं आपल्यासाठी तोच त्यांचा सगळ्यात मोठा धडा आहे. बोलायला बसण्याआधी स्वतःला विचारा, हे जमलं नाही तर माझ्याकडे दुसरं काय आहे? तो दुसरा पर्याय जेवढा बरा, तेवढं तुमचं म्हणणं ऐकलं जातं. ज्याच्याकडे पर्यायच नाही त्याचा होकार हा होकार नसतो.

माझ्या एका आत्याची गोष्ट सांगते. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या. भावांनी टेबलाशी बसून शेत, विहीर, घर सगळं शांतपणे वाटलं, आवाजही चढला नाही. गावात कौतुक झालं. शेवटी आत्यापुढे हक्कसोडपत्र आलं. "आक्का, तू जरा समजून घे." ती तेव्हा नवऱ्याच्या आजारपणाने गांजलेली, माहेरचं दार उघडं राहावं एवढीच तिची इच्छा. तिने सही केली. कुणी तिला 'का' विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी नाही म्हणायला तिच्यापाशी जागा कुठे होती? आमच्या घराण्यात ते समजूतदारपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. फिशर यांचं मोजमाप लावलं तर तो समझोता नव्हताच.

फिशर २५ ऑगस्ट २०१२ ला गेले, नव्वदीत. अखेरच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठलं होतं. ज्याने जगाला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला शिकवलं, त्याच्या स्वतःच्या आठवणी पुसत गेल्या.

आक्का, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या माणसाकडून मिळालं ते असं. अनेकांत म्हणजे आपली बाजू सोडणं नव्हे. त्या हत्तीच्या गोष्टीत शेपटी धरलेल्या माणसाला कुणी 'तू शेपटी सोड' म्हणत नाही. त्याच्या हातात आहे ती शेपटी खरीच आहे. समोरच्याचा खांब समजून घ्यायचा, आणि आपली शेपटीही सांगायची, तेवढ्याच ठामपणे. त्यासाठी आधी टेबलाशी आपली जागा लागते. म्हणून यापुढे घरात कुणी "तू जरा समजून घे" म्हणालं, तर म्हणू या, "समजून घेते ना, सांग नीट. आणि मग माझंही समजून घे." पाळी दोघांची असते.